पाण्यापलीकडून ते काय सांगतात?

पत्र:

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून लिहिते. वय ५७. माझे मिस्टर २०१९ च्या महापुरात गेले. वाहून नव्हे, हार्टअटॅकनं. मी नागपंचमीला माहेरी गेले होते, शिरोळ तालुक्यात. पाऊस बघून जाऊ का नको करत होते, तर हेच म्हणाले, जाऊन ये, भाऊ वाट बघतोय. तिकडं कृष्णेचं पाणी गावात शिरलं, आम्हाला बोटीतून काढून शाळेत ठेवलं. इकडं हे आणि मुलगा सामान माळ्यावर चढवत होते. मुलगा तेव्हा २३ चा. शेवटचा फोन झाला त्यात म्हणाले, "पाणी उतरलं की न्यायला येतो." मग लाईट नाही, मोबाईलला चार्जिंग नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, येताच आलं नाही. पंचगंगेची स्मशानभूमी पाण्यात, म्हणून कदमवाडीला नेलं. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हापासून एकच स्वप्न पडतं. मी शिरोलीच्या बाजूला उभी, मधे सगळं पाणी, पलीकडं कोल्हापूरच्या बाजूला तावडे हॉटेलजवळ हे बनियनवर उभे. हात करून काहीतरी सांगतात. ऐकू येत नाही. मी पाण्यात पाय टाकते आणि जागी होते. पहाटेचे चार-साडेचार झालेले असतात. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा पडतं. आणखी एक, लिहायला लाज वाटते. स्वप्नात ते ५५ चेच आहेत. मी आता त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी झाले, केस पांढरे झाले. ओळखतील का मला?

नणंद म्हणतात, रक्षाविसर्जनाला कावळा शिवला नव्हता, इच्छा राहिली असणार, शांत करून घ्या. मुलाजवळ विषय काढला की तो उठून जातो. घरात त्यांचं नावच निघत नाही. त्यांचा मोबाईल कपाटात आहे, तो मी कधी चालू केला नाही. नागपंचमीला माहेरी जाणं सोडलं. स्वप्न बंद व्हावं असं वाटतं, आणि बंद झालं तर ते दिसणार कुठं, असंही वाटतं. काय करू?

उत्तर:

ताई,

जे लिहायला तुम्हाला लाज वाटली, त्यापासूनच सुरुवात करते. गेलेल्या माणसाचं वय तिथंच थांबतं आणि आपलं पुढं जात राहतं. लहानपणी आई गेलेली माणसं आईच्या वयाची होतात तेव्हा आरशात बघून चरकतात. तुमच्या बाबतीत पाच वर्षांनी धाकटी असलेली बायको नवऱ्याहून मोठी झाली. या दिवसासाठी आपल्याकडं काही रीत नाही. वर्षश्राद्धाला भाऊबंद येऊन बसतात, या वाढदिवसाला कुणी येत नाही. तो तुम्ही एकटीनं काढला असणार, आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नसणार. पांढऱ्या केसांचं मनात येणं अगदी साहजिक आहे. पण ओळखतील का, असं विचारता तर सांगते. स्वप्नातले ते तुमच्याच आठवणीतून उभे राहतात, आणि त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही असा एकही दिवस त्या आठवणीत नाही. पत्रातलंच बघा, ते पलीकडून हात करतात. अनोळखी बाईला कुणी हात करत नाही.

आता नणंदेचं. त्यांनी भाऊ गमावला आहे, तेव्हा त्यांच्या बोलण्यावर मला टीका करायची नाही. पण ऑगस्ट २०१९ चे ते दिवस आठवा. पावसाला उसंत नव्हती, शहराचा बराच भाग पाण्यात, माणसं शाळांमधून आणि मंगल कार्यालयांतून राहत होती. तसल्या पावसात पाखरू घासाला आलं नाही, यात तुमच्या माणसाची नाराजी शोधू नका. शांत करायला हजारो रुपये घालून लांब कुठं जायचं की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. तुम्हाला स्वतःला जावंसं वाटलं तर जा. भीती घातली म्हणून जाऊ नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. पितृपक्षात म्हाळ घालत असालच. यंदा त्यात त्यांना आवडणारा एक पदार्थ मुद्दाम करा, आणि पानं वाढल्यावर तो कुणासाठी केला ते मोठ्यानं सांगा. एवढं मात्र आग्रहानं सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'घरात त्यांचं नावच निघत नाही' हे वाक्य. दिवसा ज्याला घरात जागा नाही, तो रात्रीच येणार.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडं म्हणतात आणि त्यामुळं तुमची भीती वाढत असणार. झोपेचं गणित असं आहे. रात्रभर झोप एकसारखी नसते. साधारण दर दीड तासानं एक टप्पा येतो, त्यात पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, हातापायांचे स्नायू ढिले पडतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी हा टप्पा जगापुढं मांडला. रात्रीच्या सुरुवातीला तो काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडं लांबत जातो. म्हणून सगळ्यात लांब स्वप्नं पहाटे पडतात. त्यातून मधेच जाग आली की ती लख्ख आठवतात. तुमचं चार-साडेचारचं वेळापत्रक त्यातून आलं आहे.

याच टप्प्यात भावना जागवणारा मेंदूचा भाग जोरात काम करतो, आणि 'हे खरं कसं असेल' असं विचारणारा पुढचा भाग बराचसा शांत असतो. म्हणून गेलेला माणूस समोर उभा असतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. ते अडकले आहेत असा त्याचा अर्थ काढायचं कारण नाही. पावसाळ्यात स्वप्न वाढतं त्यालाही कारण आहे. जुलै उजाडला की आपल्याकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात घरोघरी फिरायला लागते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यातून गेलेल्या माणसाला हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. दुःखाची तिथी अंगाला कॅलेंडरच्या आधी कळते आणि इथं तर ती सगळं शहर मिळून मोबाईलवर पाठवतं. तेव्हा पातळीच्या मेसेजचे ग्रुप दोन महिने बंद ठेवा. शुक्रवार पेठेत राहून पाण्याकडं दुर्लक्ष करता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण ते लक्ष मुलानं ठेवावं, आणि पाणी इशाऱ्याच्या पुढं गेलं तरच तुम्हाला सांगावं.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी एका वाक्यापाशी थांबले: 'हे आणि मुलगा सामान माळ्यावर चढवत होते.' यानंतर पत्रात मुलगा येतो तो थेट विषय काढल्यावर उठून जाणारा. मधलं काहीच नाही. म्हणजे मला वाटतं, ते मधलं तुम्हालाही नीट माहीत नाही. शेवटच्या फोनपासून कदमवाडीपर्यंत काय काय झालं, ते शेवटी काय बोलले, कुणाला हाक मारली, घाबरले होते का, डॉक्टर मिळाला का, पाण्यातून त्यांना बाहेर कसं काढलं, खांदा द्यायला कोण होतं. हे सगळं एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो तुमच्या शेजारच्या खोलीत झोपतो.

तुमचं स्वप्न नेमकं तिथंच थांबतं. 'न्यायला येतो' नंतरचा त्यांचा एकही शब्द तुमच्यापर्यंत पोचलेला नाही आणि स्वप्नातही पोचत नाही. स्वप्नांचे अर्थ काढण्याच्या मी विरोधात आहे. अमुक दिसलं म्हणजे तमुक, असली पुस्तकं मी कुणाच्या हाती देणार नाही. पण इथं अर्थ लावायची गरजच नाही. तुम्ही जे ऐकलं नाही ते तुम्हाला ऐकू येत नाही, इतकं ते सरळ आहे. आणि ते सांगू शकणारा माणूस जिवंत आहे.

तो उठून जातो, यात मला कंटाळा दिसत नाही. २३ वर्षांचं पोर. भोवती पाणी, लाईट नाही, बाप हातात, आई पलीकडच्या गावात बोटीतून काढलेली. त्यानं त्या दिवशी जे केलं ते पेठेतल्या चार वडीलधाऱ्यांनी मिळून करायचं काम होतं. त्यानंच अग्नी दिला असणार आणि तुम्हाला कळवायचं कसं, हेही त्यालाच ठरवावं लागलं असेल. आणि मला एक शंका येते. ती खरी आहे असा माझा दावा नाही, पण तुम्ही मनात ठेवा. तुम्ही जसं मनात 'मी माहेरी गेले नसते तर' म्हणत असाल, तसं तो मनात म्हणत असेल का, की 'मी बाबांना जड सामान उचलू दिलं नसतं तर'? विषय काढल्यावर तो तुमच्यापासून पळतो की या प्रश्नापासून? एका छताखाली दोन माणसं स्वतःला गुन्हेगार धरून बसलेली, आणि दुसऱ्याला दोष लागू नये म्हणून दोघंही गप्प. असं अनेक घरांत होतं. त्या गप्पपणाला लोक मग 'सावरले' म्हणतात.

त्याला विचारा. पण समोर बसवून, 'आज मला सगळं सांग' असं नको. पुरुषमाणसाला तोंडाकडं बघून असलं बोलणं जड जातं, शेजारी बसून जमतं. त्याच्या गाडीवरून कुठंतरी जाताना, जोतिबाच्या वाटेवर, रंकाळ्यावर फेरी मारताना. आणि विचारण्याआधी एक सांगा: "तू एकट्यानं जे निभावलंस ते माझ्याच्यानं झालं नसतं." हे त्याला कुणीही म्हटलेलं नसेल. मग अगदी लहान प्रश्न विचारा. त्या दिवशी ते जेवले होते का? चहा कुणी केला होता? मरणाच्या क्षणापासून सुरुवात करू नका, त्या दिवसाच्या सकाळपासून करा. तो बोलायला लागला की मधे 'मग तू असं का नाही केलंस' हे वाक्य काहीही झालं तरी तोंडातून जाऊ देऊ नका. तेवढ्या एका वाक्यानं तो पुन्हा कायमचा मिटेल.

पहिल्या वेळी नाही बोलला तर रेटू नका. "तुला वाटेल तेव्हा सांग, मला ऐकायचं आहे," एवढं म्हणून दुसरं काहीतरी बोला. कदाचित महिन्यानं तोच सुरू करेल.

जे कळेल ते सगळं दिलासा देणारं असेलच, असं नाही. त्यांना त्रास झाला असेल. ते ऐकून तुम्ही चार दिवस रडाल आणि मुलगा म्हणेल, उगीच सांगितलं. त्याला सांगा, उगीच नाही. इतकी वर्षं तुम्ही कल्पनेनं रोज वेगवेगळं मरण बघत आला आहात. खरं जे झालं ते एकच असेल, त्यालाच सामोरं जायचं आहे. मग दोघं मिळून एकदा कदमवाडीला जाऊन या. तिथून निघताना त्यांच्या नावानं काही द्यावंसं वाटलं तर होळीच्या आसपास शेणी, म्हणजे गोवऱ्या, द्या. आपल्याकडं अंत्यसंस्कार शेणींवर होतात, आणि महापालिका त्यासाठी कुणाकडून पैसे घेत नाही. तिथं दिलेली शेणी कुणाच्या ना कुणाच्या माणसासाठी वापरली जाते. निरोप देता आला नाही म्हणून तुमच्या हातांना जे काम राहून गेलं, ते थोडं तरी होईल.

माहेरी जाण्याच्या अपराधाबद्दल मी तुम्हाला खोटं समाधान देणार नाही. तुम्ही घरी असता तर ते वाचले असते की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही. पण दोष लागायला आधी माहीत असावं लागतं. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सगळे २००५ च्या महापुराच्या खुणेकडं बघून बोलत होते. तेव्हा पाणी इथवर आलं होतं, म्हणजे याच्या पुढं येणार नाही, असा हिशेब जाणती माणसंही करत होती. पाणी त्या खुणेच्या पुढं गेलं. जे सबंध शहराला दिसलं नाही ते एका बाईला दिसायला हवं होतं, असं तुम्ही स्वतःला म्हणता. शेजारणीला म्हणाला असता का? आणि तुम्हाला जा म्हणणारे ते स्वतः होते. त्यांचं ते शेवटचं मन राखणं होतं. नागपंचमी सोडून तुम्ही त्यांच्या त्या शब्दाला शिक्षा करताय असं मला वाटतं. भावाकडं जायला लागा.

स्वप्नासाठी एक उपायही आहे, झोपेचे आणि मनाचे डॉक्टर वारंवार येणाऱ्या भयस्वप्नांवर तो वापरतात. त्याला इमेजरी रिहर्सल म्हणतात. दिवसा, शक्यतो सकाळी, एका वहीत स्वप्न आहे तसं लिहायचं. मग त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून पुन्हा लिहायचा आणि तो बदललेला भाग रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात बघायचा. काही आठवडे न चुकता. सगळ्यांना लागू पडत नाही, पण बऱ्याच जणांची स्वप्नं त्यानं विरळ होतात किंवा बदलतात. तुमच्या बाबतीत त्यांना स्वप्नातून काढायचं नाही, पाणी काढायचं. पाणी उतरलंय, पुलावरचा रस्ता चिखलाचा पण मोकळा आहे, ते चालत अलीकडं येतात. पुढं काय होतं ते तुम्ही लिहा, मी सुचवणार नाही. फक्त मुलाशी बोलणं होईपर्यंत थांबा, मग वही घ्या.

आणि स्वप्न बंद झालं तर ते दिसणार कुठं, हे तुमचं शेवटचं वाक्य. ते वाचून मला वाटलं, त्या मोबाईलमध्ये त्यांचा आवाज असू शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला एखादा आवाज, कुणाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मोबाईलची बॅटरी फुगलेली असू शकते, तेव्हा घरी चार्जरला लावू नका. दुरुस्तीच्या दुकानात मुलाला घेऊन जा, आतलं सगळं दुसरीकडं उतरवून घ्या. लगेच ऐकायलाच हवं असं नाही. तो आवाज सुरक्षित आहे एवढं कळलं तरी पहाटेच्या त्या दोन मिनिटांवरचं ओझं कमी होईल. माणूस धरून ठेवायची सगळी जबाबदारी आज एका स्वप्नावर आहे, म्हणून ते सोडवतही नाही आणि सोसवतही नाही.

काही गोष्टींसाठी मात्र डॉक्टरांकडं जायलाच हवं. झोपायचीच भीती वाटायला लागली, दिवसभर कशात लक्ष लागेना, 'मलाही त्यांच्याकडं जायचंय' असे विचार आले, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं सुरू झालं, किंवा घोरताना श्वास अडकतो असं मुलानं सांगितलं, तर थांबू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही स्वप्नं भडक होतात. तुमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. तिथं जायला संकोच वाटला तर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा मोफत नंबर आहे. तिथं मराठीतून बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. हा नंबर मुलाच्या मोबाईलमध्येही घालून ठेवा. त्या दिवसाबद्दल तो तुमच्याशी बोलू शकला नाही, तर परक्या माणसाशी बोलणं त्याला सोपं जाईल, आणि तसं झालं तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.